बाळाविना बाळंतीण

आक्काला कुणीही तब्येत विचारली, तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर यायचं, "बरी शे मी." लग्न होऊन ती नामपूरला गेली आणि तिकडच्या अहिराणीतलं हे एवढं वाक्य तिने कायमचं उचललं. बाकी बोलणं आमच्या घरचंच राहिलं. डोकं ठणकत असो, जावेशी वाजलेलं असो, "बरी शे मी" म्हणत ती चहाचं आधण ठेवायला उठायची. तिच्या या वाक्यावर आम्ही सगळ्यांनी सोयीस्कर विश्वास ठेवला. मी जरा जास्तच.

ती माझी थोरली बहीण. आई शेतात जायची, त्यामुळे माझं सगळं आक्कानेच केलं. लहानपणी मला खरूज झाली, तेव्हा मी ओरडत असताना कडुलिंबाच्या पाण्याने मला घासून काढणारी तीच. माझ्या अंगावरची एकही जागा तिला बघायची लाज वाटली नाही. पण तिला शरीर आहे, ते दुखतं, हे मात्र आमच्या बोलण्यात कधी आलं नाही. भावा-बहिणीत असल्या गोष्टी निघत नाहीत, असं मला तेव्हा अगदी स्वाभाविक वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात ती कांद्याच्या चाळीत चक्कर येऊन पडली. वर्षानुवर्षं अंगावरून जात होतं, हे तेव्हा कळलं. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी काढायला सांगितली. आक्काला त्यातही गंमत सुचली. "भाड्याचं घर होतं रे ते. दोन भाडेकरू राहून गेले. आता पाडायला काय हरकत हाय?" दाजी खिडकीबाहेर बघत राहिले.

आई-वडील गेल्यापासून माझा नाशिकमधला फ्लॅट हेच तिचं माहेर. ऑपरेशननंतर विश्रांतीला ती आमच्याकडेच यायची होती. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "ताप, थंडी, पोटात वाढत जाणारं दुखणं, किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर थांबायचं नाही, लगेच घेऊन यायचं. हे त्यांना नीट समजावून सांगा."

गाडीत मी आक्काला म्हटलं, "ताप आला, पोट दुखलं, तर लगेच सांगायचं."

"आणि?"

"बस, एवढंच."

शेवटची गोष्ट माझ्या तोंडून निघाली नाही. घरी गेल्यावर वैशालीला, माझ्या बायकोला, सांगेन म्हटलं. वैशाली शाळेतून दमून आली, मी बँकेचं काहीतरी घेऊन बसलो, आणि ते राहिलंच.

घरी येताच आक्काने फर्मान काढलं, "मला बाळंतीण समजा. शेगडी आणा." वैशाली म्हणाली, "आक्का, डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नाही." तर म्हणे, "डॉक्टरीण किती वेळा बाळंत झालीय, विचारलंस का?" मीच खालच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले. तिच्यासाठी काहीतरी करतोय याचं केवढं समाधान वाटलं मला! खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी, उशाशी डिंकाचे लाडू. शेजारच्या काकू बघायला आल्या तर आक्का म्हणाली, "या, या. बाळाविना बाळंतीण बघून घ्या. बारशाचा खर्च वाचला."

आम्ही हसलो. त्या हसण्यात पुढचं सगळं घडत गेलं. तिला ताप चढला, तो तिने शेगडीची ऊब म्हणून अंगावर काढला. जे जायला नको ते जात होतं, तर बाळंतिणीला जातंच, असं तिने मनाशी धरलं. वास मारत होता, म्हणून ती जास्त ओवा मागत राहिली. मी आणून देत होतो. घरात ओव्याचा छान वास दरवळतोय, असं एकदा मी म्हणालोही होतो.

एका सकाळी वैशालीने तिला उठवायला हात धरला आणि घाबरून मला हाक मारली. आक्का थरथरत होती, बोलणं तुटत होतं. दवाखान्यात नेलं. आत टाक्यांपाशी पू साठला होता, संसर्ग रक्तात उतरला होता. "वास येत नव्हता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वैशाली म्हणाली, "आम्हाला माहीतच नव्हतं, याकडे लक्ष द्यायचं असतं म्हणून." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग वैशालीनेही बघितलं.

अतिदक्षता विभागाबाहेर दाजी माझ्या शेजारी बसायचे, मला बिस्किटं आणून द्यायचे. त्यांना मी काही सांगू शकलो नाही. पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, आणि कितीतरी दिवस आक्का आपल्यात राहील की नाही, हेच कुणी सांगेना.

ती राहिली. साध्या खोलीत आणल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती छताकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "एवढा लाजतोस, तर तुला दोन पोरं कशी झाली रे?" मला हसू आलं, पण ती हसली नव्हती. तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "मी तरी कुठं विचारलं कुणाला? पण तुला माहीत होतं, भाऊ."

त्यानंतर ती या गोष्टीवर कधी बोललेली नाही. माझ्याकडे राहायलाही आलेली नाही.

दवाखान्यातून ती थेट नामपूरला निघाली, तेव्हा वैशाली ओटी भरायला खण-तांदूळ-नारळ घेऊन तिथे आली. आक्काने पदर पुढे केला नाही. "आता माझी भरतात का गं? पिशवीच नाही राहिली."

"पुढे करा पदर," वैशाली दटावून म्हणाली. "ओटी बाईची भरतात."

नारळ पदरात पडला तसा आक्काचा हात एकदम पोटाकडे गेला. वजन उचलायला तिला मनाई होती. मी पुढे होऊन खालून हात लावला. पदरातलं सगळं वैशालीने खणासकट एका रुमालात बांधलं आणि ते गाठोडं मी घेतलं. दाजी ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागे, आक्काच्या बाजूला, तिची ओटी मांडीवर घेऊन.

चांदवडच्या घाटात तिला झोप लागली. मान कलली आणि तिचं कपाळ माझ्या खांद्याला टेकलं. गरम नव्हतं. तरी मी हात लावून बघितलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा बघितलं.