उलटलेलं पान

साहेबराव मामांचा कुणावरच विश्वास नाही. रांजणगावला कंपनीत होते तेव्हा जेवणाच्या डब्यालाही कुलूप लावायचे. पण केडगावच्या अलीकडे आमची वस्ती आहे, तिथं त्यांच्यासारखा प्रॉम्प्टर दुसरा झाला नाही. त्यांचे वडील भिमाजी गुरुजी यांनी लिहिलेलं ‘गावचा आड’ हे नाटक आम्ही पन्नास वर्षं दर चौदा एप्रिलला करतो. मी त्यात हवालदार असतो. पाठांतर कुणाचंच नसतं. मामा पडद्यामागून वाक्य सोडतात, आम्ही उचलतो.

यंदा टीव्हीवाले नाटकाचं शूटिंग करायला आले आणि मामांचं डोकं फिरलं.

"कापत्याल बघ. बापाचं नाटक कापूनच दाखवत्याल."

त्यांच्या दिग्दर्शिका तेजश्री मॅडमना मामांनी नाटकाची वही दिली, तीही समोर बसून वाचायच्या अटीवर. मामा चहाला उठले तरी वही काखेत. पाहुण्यांना असं चोर ठरवलेलं बघून मला लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी तालीम थांबवून मॅडमनीच विचारलं, "मामा, वहीत जाईबाई आडाचं पाणी पिते आणि गावाला सुनावते. इथं ती नुसतीच घागर उचलून जाते. हे पान कुणी कापलं?"

जाईबाईचं काम करणारी माया म्हणाली, "असं वाक्यच न्हाई. आधी आई हे काम करायची, तीबी कवा बोलली न्हाई."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्याच कापलं. त्या साली गावचं सरपंच पयल्यांदा वस्तीत येऊन पुढं बसलं. माझी जीभच उचलंना. पान उलटलं. मायाची आई त्या साली नवीच होती, कुणी इचारलंबी न्हाई, मग दरसाल उलटतच गेलो."

"किती वर्षं?"

"बावीस."

मला संताप आला. आम्ही बावीस वर्षं अर्धंच नाटक करत होतो आणि पहारा टीव्हीवाल्यांवर!

शूटिंगला प्रॉम्प्टर नको होता, माईक सगळंच पकडतो. मायानं वाक्य पाठ केलं होतं. तरी मामा पडद्यामागे बसलेच. मायानं ओंजळ तोंडाला लावली आणि तिच्या आधी मामांचाच आवाज घुमला, "आड बाटला आसंल तर बुजवा. म्या उद्याबी येनार!"

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा घेऊ."

"घ्या. आता म्या न्हाई बोलत." मामांचे डोळे भरले होते. वही मॅडमच्या खुर्चीवर ठेवून ते मोकळ्या हातानं चहाला गेले.