भिंतीमागची जीप

अकोटला माझ्या भाड्याच्या खोलीशेजारी टिनाचं शेड होतं. तिथे एक म्हातारा रोज वडिलांची जुनी जीप दुरुस्त करत बसायचा. एकेक बोल्ट रॉकेलात धुवायचा, फडक्याने पुसायचा, फुंकर मारायचा आणि मगच बसवायचा. मला त्याचं कौतुक वाटे आणि चीडही येई, कारण शेडाच्या तोंडाशीच विटांची भिंत होती. माणूस जेमतेम निघेल एवढीच फट.

एकदा राहवलं नाही. विचारलं, "काका, गाडी बाहेर कशी काढणार?"

"वाटणीत जीप मले आली, समोरची जागा भावाले. त्यानं भिंत घातली."

"मग बोलायचं ना भावाशी!"

पाना फिरवत तो म्हणाला, "गाडी चालू झाली का बोलीन, म्हनलं. तवर तोच गेला."

दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो, तेव्हा चारही चाकांखाली लिंबं ठेवलेली होती. त्याने जीप चालू केली. लिंबं चिरडण्यापुरती ती पुढे आली आणि भिंतीपाशी थांबली. तो उतरला. मी दिलेल्या आपट्याच्या पानांतलं एक पान त्याने भिंतीच्या विटांत खोचलं, आणि वाकून नमस्कार केला.

भाऊ थोरला होता, हे मला तेव्हा कळलं.