पाच मुलांचा वर्ग

माझी मुलगी सहाव्या वर्षी पहिल्यांदा "आई" म्हणाली. तिला ऐकू येत नाही हे त्याआधी चार वर्षं आम्हाला ठाऊक होतं. तेवढ्या काळात कुठल्या कुठल्या देवांना साकडं घातलं ते सांगत बसत नाही. तिला बोलतं केलं ते जोयड्याच्या शाळेतल्या एका मास्तरांनी. बहिऱ्या मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेऊन आलेले, सरकारी अनुदानावर नेमलेले. त्यांच्या वर्गात विद्यार्थिनी एकच, माझी. तासभर चालत मी तिला रोज घेऊन जायची आणि वर्ग सुटेपर्यंत मागे बसून बघायची.

अशात मुंबईच्या विधिमंडळाची निवडणूक आली. आमच्या भागात दोघं उभे होते. एक जुने सभासद, ज्यांनी खटपट करून हा वर्ग आणला होता. दुसरे नवे, जंगलाचा कायदा सैल करू म्हणणारे. गाव कुणब्यांचं, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, फांद्या तोडल्या की जंगलाचा गार्ड कोयता काढून नेत असे. त्यामुळे गाव कुणाकडे झुकणार हे उघड होतं. तरी रीत म्हणून देवाला कौल लावायचं ठरलं. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार.

"वर्गाचंही विचारा," मी गावकरांना म्हटलं. गावकर म्हणजे गावचा प्रमुख, शांत, पिकल्या मिशांचा म्हातारा.

"अक्का, देवाला येका टायमाला दोन गोष्टी इचारत न्हाईत."

उजवी पाकळी पडली. देवाला विचारलं ते फक्त जंगलाचं, गावाची मतं नव्या उमेदवाराला गेली ती मात्र सगळ्याचसाठी, शाळेसाठीसुद्धा. इंग्रजांच्या त्या अमलात लिहितावाचता येणाऱ्या बाईला अर्ज केल्यावर मत मिळत असे, म्हणून मलाही होतं. मी जुन्या सभासदांच्या पेटीत टाकलं आणि घरी येताना तसं सांगूनही टाकलं. पोटात ठेवणं मला कधी जमलं नाही. महिनाभर गावातल्या बायका माझ्याशी तुटक बोलत होत्या.

नवे निवडून आले आणि शब्दाला जागले. राबाला फांद्या तोडायची मुभा मिळाली. त्या वर्षी माणसं खांद्यावर कोयता टाकून मोकळेपणी रानात गेली, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. मग नवं अंदाजपत्रक आलं. पाचांपेक्षा कमी मुलं असलेल्या खास वर्गांचं अनुदान बंद. मास्तर ट्रंक बांधून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुलगी नेहमीसारखी पाटी घेऊन दारात उभी राहिली. मला रडू आलं नाही, राग आला.

आणखी चारच मुलं हवी होती. मी पदर खोचला आणि वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, थेट अणशीपर्यंत. सगळीकडे एकच उत्तर, "आमच्यात तसलं कोण न्हाई." भावंडांची लग्नं अडतील, ही भीती. गावकरांच्याच घरात कणगीआड एक नात बसलेली दिसली. पितळी तांब्या दणकन पडला तरी तिनं मान वळवली नाही.

"लाजाळू हाय ती," गावकर म्हणाले.

"फारच लाजाळू दिसते," मी म्हणाले आणि उठले.

नव्या सभासदांचा सत्कार जोयड्याला ठरला. हार घालायला आमचे गावकर. भाषणं संपायची वाट न बघता मी उभी राहिले आणि वर्गाचं विचारलं. नवरा खालून पदर ओढत होता, तो मी सोडवून घेतला.

"बाई, एका मुलीसाठी मास्तर कसा ठेवायचा?" सभासद सभ्यपणे म्हणाले. "पाच मुलं दाखवा, वर्ग देतो."

 हार हातात घेऊन उभे असलेल्या गावकरांनी तो बाजूला ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "दोन म्हणा साहेब. माझ्या नातीला बी ऐकू येत न्हाई."

 मंडपात मागून एका बाईनं हात वर केला, तिचंही एक मूल तसंच होतं. त्या दिवशी यादी तीनवर थांबली. उरलेली दोन मिळेपर्यंत माझ्या ओसरीवर मीच शिकवायचं, असं मी तिथंच जाहीर केलं.

दुसऱ्या सकाळी गावकर नातीला घेऊन आले. आठ वर्षांची पोर, त्यांच्या धोतराआड लपलेली. माझ्या मुलीनं तिला पुढं ओढलं, तिचा हात उचलला आणि मास्तर शिकवताना करायचे तसा सरळ आजोबांच्या गळ्यावर नेऊन टेकवला. म्हातारा गोंधळला.

"म्या काय करू, अक्का?"

"तिला हाक मारा."

"तिला कुटं ऐकू येतंय? कितीक वर्सात मारली न्हाई."

"मारा."

त्यांनी तिचं नाव घेतलं. बोटांखाली काहीतरी थरथरलं तशी पोरीनं दचकून वर पाहिलं, पण हात काढला नाही. मग गावकर रडत रडत तेच नाव पुन्हा पुन्हा घेत राहिले.