खडा लहान आहे तोवर

कोळेकर मॅडम कुल्फी आधी भिंगातून बघायच्या आणि मगच खायच्या. कॉलेजच्या फाटकाशी महेबूबचाचांची गाडी असे. मॅडम पर्समधून भिंग काढत, कुल्फी उजेडाकडे धरत आणि बर्फाचे खडे मोठे दिसले, की म्हणत, "चाचा, ही विरघळलीवती. परत गोठवलीत." चाचा कपाळाला हात लावत. "मॅडम, आप खाने आते क्या चेकिंगकू?" मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला नवीनच रुजू झाले होते. आपल्या विभागप्रमुख भर रस्त्यात भिंग घेऊन उभ्या आहेत हे बघून मला लाजच वाटली.

मॅडम सांगोल्याकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. तरुणपणी एकदाच त्या संशोधकांच्या तुकडीबरोबर जहाजातून दक्षिण ध्रुवाकडे गेल्या होत्या. तिथे गोठलेल्या समुद्राच्या बर्फातून त्यांनी डायटम आणले. साध्या डोळ्यांना न दिसणारे, एका पेशीचे, सोनेरी तपकिरी जीव. आमच्या जुन्या फ्रिजमध्ये, छोट्या दिव्याच्या उजेडात ते वर्षानुवर्षं वाढत होते. मॅडम स्वतः त्यांना ताज्या खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत हलवायच्या. दुसऱ्या एका प्रयोगशाळेला दिलेले केव्हाच मेले होते. उरले ते फक्त सोलापुरात, जिथे मे महिन्यात नळालासुद्धा गरम पाणी येतं.

"बर्फ वाईट नसतो गं," त्या म्हणायच्या, "त्याची टोकं वाईट." बर्फाचे मोठे खडे लहान खड्यांना गिळून वाढत जातात आणि पेशी फाडतात. म्हणून हे जीव एक प्रथिन बाहेर सोडतात. ते बर्फाच्या कडेला चिकटून बसतं आणि खड्याला वाढू देत नाही. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाजूला सरतं, बर्फात खाऱ्या पाण्याच्या बारीक वाटा उरतात आणि त्या वाटांमध्ये हे राहतात. "ती काय बर्फ हटवत न्हाईत. खडा तेवढा मोठा होऊ देत न्हाईत." मनापासून बोलू लागल्या, की त्यांच्या तोंडी सांगोला येई.

विभागात कुणाचं कुणाशी वाजलं, की मॅडम त्याच दिवशी दोघांना गाठून समोरासमोर बसवायच्या. "खडा ल्हान हाय तवर धरायचा." मला हा नसता उद्योग वाटे. एकदा तर मीच त्यांच्या तावडीत सापडले आणि तोंड फुगवून चहा प्यायले.

एका मे महिन्यात कॉलेजमागची डीपी जळाली. वीज दुसऱ्या दिवशीपर्यंत येणार नव्हती. मॅडम परीक्षक म्हणून अक्कलकोटला होत्या. मी फोन केला. "चाचांकडनं बर्फ घे, बाटल्या त्यात पुरून ठेव," त्या म्हणाल्या. चाचा स्वतःच बर्फाची पेटी घेऊन जिना चढले, बाटल्या नीट रचल्या. मला पर्यवेक्षणाला पळायचं होतं. "जाव तुम, मैं देखता," ते म्हणाले.

संध्याकाळी मॅडम आल्या. बाटल्या दगडासारख्या गोठलेल्या. त्यांनी पेटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट. मिठाने बर्फ आणखी थंड होतो, कुल्फी गोठते ती त्यानेच. आयुष्यभर चाचांनी तेच केलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. "मेरेकू लगा बरफ के जानवरां हैं, ज्यादा ठंडी होना..." मॅडमनी एकेक बाटली पुसून घेतली. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, खुर्चीत बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. चाचा कधी निघून गेले ते आम्हाला कळलंही नाही.

थोड्या वेळाने त्या उठल्या. "चल, विजापूर वेशीत, चाचांच्या घरी जायचंय." मी म्हटलं, "आत्ता? उद्या जाऊ की." "उद्या खडा मोठा हुईल." चाचा दारातच बसले होते, जेवले नव्हते. मॅडम त्यांच्याशेजारी पायरीवर टेकल्या. "चाचा, तुमी जीव लावूनच केलं. ती जगत्याल का न्हाई ते त्यांचं ती बघत्याल. उद्या गाडी लावायची, काय?" चाचांनी मान हलवली. मग त्यांच्या सुनेने आम्हा तिघांना वाढलं.

वीज आली. बाटल्या फ्रिजमध्येच हळूहळू सुटल्या. बऱ्याच दिवसांनी एका बाटलीच्या तळाशी तपकिरी झाक दिसली. बाकीच्या गेल्या. मॅडमनी आधी चाचांना बोलावणं धाडलं, मग स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चाचांनी बघितलं आणि एकदम मागे सरले. "चलरा है! मॅडम, वो चलरा है!" होडीच्या आकाराचा एक जीव काचेवरून सावकाश सरकत होता.

यंदाच्या मे महिन्यात मॅडम गेल्या. दुखणं पोटाचं होतं, फार दिवस चाललं नाही. मुलगा परदेशातून सकाळी पोचणार होता, तोवर त्यांना ठेवायचं होतं. बर्फ कुठून आणावा हे आम्ही बोलतोय तोच चाचा गाडी ढकलत दारात आले. लाद्या गोणपाटात गुंडाळलेल्या. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक लादी मॅडमच्या कडेने, धक्का न लागू देता ठेवली. मग उशाशी उकिडवे बसले आणि त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले,

"मॅडम, नमक नै डाला."