सिनेमातल्या म्हाताऱ्याबद्दल

भिवंडीत कापडाच्या लूमना, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारी आणि आमच्या वाचनालयाचा सिनेमा रविवारी. हे ज्या शहाण्याने ठरवलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. सिनेमा चालू असला की शेजारच्या कारखान्याची खटाखट भिंतीतून थेट कानात. त्यात भरदुपारी उजेड नको म्हणून सगळ्या खिडक्या बंद करून वर चादरी ठोकलेल्या. आत उकडून जीव नकोसा व्हायचा.

बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट असेल. त्या रविवारी फ्रान्सचा सिनेमा आला होता. बोलणं फ्रेंच आणि पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं. वाचनालयाचे चिटणीस मला म्हणाले, "तू इंग्रजी घेऊन बी.ए. झालीस ना? मग माईकवर मराठीत सांगत जा." झाले होते खरी बी.ए., आणि घरी बसले होते. आई गेलेली, भाऊ नाशिकला नोकरीवर, आणि आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे पार गेलेले. सकाळच्या आंघोळीच्या पाण्यापासून झोपतानाच्या दुधापर्यंत त्यांना मी लागायची.

त्यातच माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने पुण्याच्या एका शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला होता. नोकरी पक्की, राहायला शाळेचीच खोली. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मला जायचं होतं. अगदी जीव तोडून जायचं होतं. पण आप्पांना सांगायला जीभ रेटेना. रोज उठून ठरवायची, आज सांगतेच, आणि त्यांचं धोतर दोरीवर टाकेपर्यंत सगळा धीर संपलेला असायचा.

आणि सिनेमा काय निघावा? एक म्हातारा, शहरात राहणारे दोन मुलगे आणि घरात एक बिनलग्नाची मुलगी! ती बापाचं सूप गरम करते, औषध देते, खिडकीपाशी जाऊन उभी राहते. आप्पांना कमी ऐकू यायचं, म्हणून चिटणिसांनी त्यांना पहिल्या रांगेत माझ्या अगदी समोर बसवलं होतं. त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी वाचत सुटले.

शेवटी ती मुलगी बॅग उचलते आणि बापाला हळू आवाजात काही बोलते. इकडे लूमची खटाखट चालूच. मागून लोक ओरडले, "ऐकू येत नाही! मोठ्याने!" मग मी ओरडूनच सांगितलं, "बाबा, तुमच्याबरोबर मी रोज थोडी थोडी मरतेय. मलाही जगायचंय. मी चालले!" माझा आवाज फाटला. पडद्यावर ती बसमध्ये बसली आणि सिनेमा संपला.

सिनेमा झाला की चहा प्यायचा आणि प्रत्येकाने उठून दोन शब्द बोलायचे, ही चिटणिसांची हौस. आधी आमच्या गल्लीतले लूमवाले शेठ उठले. "तिकडे आईबापाची किंमतच नाही. आपल्याकडे असं होत नाही!" मग शेलार गावाहून येऊन आम्हाला दूध घालणारी मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "पोरी, बापाला असं बोलाचं न्हाय. तेबी भरल्या सभेत!"

"अहो मावशी, मी कुठे बोलले? ती सिनेमातली बाई बोलली."

"ती तर तिच्या भाषेत कायतरी पुटपुटली. बोललीस तू!"

सगळे खो खो हसले. आमच्या समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, "वाचायचं तर वाच गं, पण इतकं मनापासून कशाला वाचायचं?" तेव्हा शेठ माझ्या मदतीला धावले. "ही तशी नाही हो. ही आहे म्हणून आप्पा आहेत. ही कुठे जातेय!"

हे कौतुक होतं म्हणे! अरे, माझा भाऊ नाशिकला गेला तेव्हा ह्याच लोकांनी आमच्याकडे पेढे खाल्ले होते. त्या सिनेमातल्या दोन मुलग्यांबद्दलही कुणी चकार शब्द काढला नाही.

"आप्पा, तुमचं काय मत?" चिटणिसांनी विचारलं. आप्पा काठी टेकत उभे राहिले.

"मुलीचं काही चुकलं नाही," आप्पा म्हणाले. "चुकलं म्हाताऱ्याचं. त्यानं आधीच म्हणायला हवं होतं, जा बाळ, तुझं आयुष्य तू जग. तिला असं ओरडायची वेळ येऊ द्यायला नको होती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीने डोळ्यांना पदर लावला. मी तर ढसाढसा रडले. मला वाटलं, ह्यांना सगळं कळलेलं आहे. एवढ्यात कुणीतरी खिडकीवरची चादर ओढून काढली आणि वारा आला.

माझ्या खांद्यावर हात ठेवून आप्पा घरी आले. त्यांच्या पायांतल्या चपला काढता काढता मी एका दमात सांगून टाकलं. पुण्याची शाळा, खोली, महिनाअखेर, सगळं. "तुम्ही आत्ता बोललात म्हणून धीर झाला, आप्पा."

आप्पांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "अगं, ते मी सिनेमातल्या म्हाताऱ्याबद्दल बोललो."

मी दुसरी चप्पल काढली. "त्याला चालता तरी येत होतं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर मी कडाकडा भांडले असते. पण ते घाबरले होते, लहान मूल घाबरतं तसे. मी चपला कोपऱ्यात ठेवल्या आणि दूध तापवायला गेले.

पुण्याला मी नाही म्हणून कळवलं.

पुढे घरी कुणीही आलं की आप्पा अभिमानाने सांगायचे, "मी भर सभेत हिला जा म्हटलं होतं. हीच जात नाही. माया हो, दुसरं काय!" मावशी मान डोलवायची, "बाप जा म्हनतो आनि लेक जात न्हाय. अशी पाहिजे पोर!" पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी चहाचे कप उचलून आत जायची. ते खोटं बोलतात असंही मला म्हणता येत नव्हतं. भर सभेत ते बोलले होतेच, आणि अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं.