शेजाऱ्याला विचारल्याशिवाय नाही

तिला सगळे मास्टर म्हणायचे. जिन्याखालच्या गाळ्यात बसून किल्ल्या करणारी बाई, हातात कानस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव होतं. पण तो जाऊन वर्षं लोटली होती आणि किल्ल्या हिच्या हातच्या होत्या, हे उभ्या गल्लीला ठाऊक होतं.

फोन हा तिचा वेगळाच ताप. कानस चालवून चालवून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या, त्यामुळे फोन तिचा अंगठा ओळखायचाच नाही. "जगाची कुलपं मी उघडते आणि माझाच फोन मला आत घेईना," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि स्वतःच हसायची. पण म्हणून हातावर हात धरून बसणाऱ्यातली ती नव्हती. कुलूप अडकलं की लोक गाळ्याकडे यायच्याऐवजी फोनमध्ये शोधायला लागले, तेव्हा तिनं सुनेला समोर बसवलं आणि म्हणाली, "शिकव."

सून मोबाइलच्या दुकानात कामाला होती. तिनं घरपोच कामं देणाऱ्या एका अ‍ॅपवर सासूचं खातं उघडून दिलं. काम घ्यायचं कसं, पत्ता काढायचा कसा, झाल्यावर फोटो टाकायचा कसा, सगळं दाखवलं. मास्टर बघता बघता तरबेज झाली. नकाशातली बाई 'उजवीकडे वळा' म्हणाली की ही तिच्याशी हुज्जत घालायची, "अगं, तिकडे रस्ता खोदून ठेवलाय." हळूहळू गाळ्यावर येणारं गिऱ्हाईक जवळजवळ थांबलंच आणि घर चालायचं ते अ‍ॅपवरच्या कामांवर.

तिचा एक नियम मात्र होता. बंद दार उघडायचं, तर आधी शेजारचं दार वाजवायचं. "हे इथेच राहतात ना?" एवढंच विचारायचं. हो म्हणाले, तर पेटी उघडायची. नवऱ्यानं कामाबरोबर हा नियमही तिच्या हातात दिला होता. अ‍ॅपमध्ये याला कुठे जागाच नव्हती. तिथे नुसतं घड्याळ पळायचं आणि 'काम सुरू करा' म्हणून टुणटुण वाजायचं. वाजू दे. मास्टर तिकडे ढुंकूनही न बघता शेजारची बेल दाबायची.

एकदा दुपारी असंच काम आलं. तिसरा मजला, दार बंद, दारापुढे एक माणूस. कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड. "लॅच अडकलंय, मॅडम. मीटिंग आहे, जरा पटकन."

मास्टरनं लॅच पाहिलं. नवं कोरं होतं, स्क्रूसुद्धा चकचकीत. चपलांच्या रॅकवर बायकांच्या चपला होत्या, लहान मुलाचे बूट होते. पुरुषाचा एक जोड नव्हता. तिनं समोरची बेल वाजवली.

म्हाताऱ्या गृहस्थांनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. त्यांनी माणसाकडे पाहिलं, मग मास्टरकडे. "राहायचे," ते म्हणाले. "आता नाही राहत." आणि दार लावून घेतलं.

माणसाचा गोडवा तिथल्या तिथे आटला. "मी नवरा आहे तिचा. बुकिंग माझ्या नावावर आहे, पत्ता बरोबर आहे, पैसे भरलेत. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"पत्ता काय, मीही कुणाचा टाकेन," मास्टर म्हणाली. "घरातल्या माणसाला बोलवा. ती हो म्हणाली की उघडते."

"वन स्टार देईन."

"द्या की. तुमची बोटं, तुमचा फोन."

आणि ती पेटी उचलून जिना उतरली. भीती वाटली, खोटं कशाला सांगा. एकटी बाई, रिकामा जिना, वर तो माणूस. पण ती उतरली ती उतरलीच.

त्यानं शब्द पाळला, अगदी इमानदारीत. 'उद्धट बाई. काम न करता निघून गेली.' एक स्टार. संध्याकाळपर्यंत अ‍ॅपनं तिचं खातं थांबवलं. पडद्यावर एकच बटण उरलं: 'ग्राहकाची माफी मागा आणि पुन्हा सुरू करा.' मास्टरनं मदतीच्या खिडकीत बोलून बोलून सगळी हकिकत टाकली. उत्तर आलं, 'आम्ही तुमच्या भावना समजू शकतो.' पुन्हा टाकली. पुन्हा तेच. "या मेल्याला माझ्या भावना समजतात, दार कुणाचं ते समजत नाही," ती म्हणाली आणि फोन कानशींच्या डब्यात आपटला.

चार दिवस एक काम नाही. शेवटी सुनेचा धीर सुटला. "आई, नुसतं बटण दाबायचंय हो. माफी तर कंपनीनंच लिहून ठेवलीय. तो माणूस वाचणारसुद्धा नाही."

"तो नाही गं. कंपनी वाचणार." मास्टरचा आवाज चढला. "माफी मागितली म्हणजे चुकले म्हणून कबूल केलं. उद्या तो परत मलाच बोलावेल. तेव्हा कुठल्या तोंडानं नाही म्हणू? आत लेकरू असतं, बाई. मी नाही दाबणार."

सुनेनं स्वतःचा फोन काढला. "बरं. मग हेच सांगा. मी व्हिडिओ करते. पण जरा हसा. मागे गाणं लावू. पहिल्या कामाला सूट ठेवू. सुरुवातीलाच आवडलं नाही तर लोक पुढे सरकवतात."

"सरकवू देत. गाणं नको, सूट नको. आणि हसू कशाला? मी काय टूथपेस्ट विकतेय?"

आणि मास्टर कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "मी कुलपं उघडते. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय उघडत नाही. तुम्ही कितीही मोठे असा, कितीही घाईत असा. पटलं तर हा नंबर. नाही पटलं तर दुसरीकडे जा." संपलं. सुनेनं कपाळावर हात मारला, पण टाकला तसाच.

खाली लोकांनी काय काय लिहिलं. कुणी हसलं, कुणी 'हिचा धंदा बुडणार' म्हणालं. एकानं विचारलं, 'शेजारी ओळखतच नसेल तर आम्ही काय रात्रभर बाहेर बसायचं?' मास्टरनं एकेक अक्षर शोधत स्वतः उत्तर लिहिलं, 'शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायची. फुकट असते.' हे उत्तर मात्र लोकांनी भरपूर फिरवलं. फिरवलं खरं, पण काम कुणी दिलं नाही. सून रोज विचारायची, "बटण?" आणि मास्टर रोज मान हलवायची. गाळ्यात बसून ती जुन्या कुलपांना तेल घालत राहायची. मनात धाकधूक होती, पण तोंडावर येऊ देईल तर शपथ.

मग एका सकाळी फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, दबका. "शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय उघडत नाही म्हणणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

"मीच."

"शेजारी नाही म्हणाले, तर खरंच उघडत नाही?"

"नाही."

"कुणीही असला तरी? नवरा असला तरी?"

मास्टरच्या हातातली कानस थांबली. या आवाजामागे कुठलं दार होतं, तेच की दुसरंच, हे तिला कळेना, आणि तिनं विचारलंही नाही. "नवरा असला तरी," ती म्हणाली.

पलीकडे दाराची कडी सरकवल्याचा आवाज आला. "मग तुम्हीच या. मला कुलूप बदलायचंय. आजच."

"येते. पत्ता सांगा," मास्टर पेटी ओढत म्हणाली. "आणि शेजारी कोण आहेत तेही सांगून ठेवा, बाई. तुमच्याबद्दलसुद्धा आधी त्यांनाच विचारणार आहे."

"विचारा," ती बाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज दबका नव्हता. "खुशाल विचारा."