गर्दीतली चौदावी

पडदा वर जातो. रंगमंचावर रोम शहर. मे महिन्याचा लख्ख उजेड, पण पात्र एकही नाही. चौकातलं कारंजं प्रेक्षक नसतानाही इमानेइतबारे वाहतंय, कबुतरं नटांच्या जागा अडवून बसली आहेत. मग उजव्या विंगेतून एक बुटकी बाई येते. पायात आवाज न करणारे कापडी बूट, खांद्याला पिशवी, तोंडावर फुलाफुलांचा मास्क. टाळी एकही पडत नाही. बाईंना त्याची सवय आहे.

ही इल्दे माराबिनी. वय एकाहत्तर, धंदा गर्दी.

हसू नका. परदेशी चित्रपट इटलीत आला की आम्ही त्याला आमची भाषा बोलायला लावतो. नायकाला एक आवाज मिळतो, नायिकेला एक. पण त्यांच्या मागे बाजार भरलेला असतो, लग्न लागत असतं. त्या लोकांनी काय मुक्यानेच मासळी घ्यायची? त्यांच्यासाठी स्टुडिओत चौदा माणसं एका माइकभोवती कोंडाळं करून उभी राहत आणि माइककडे अर्धी पाठ करून एकमेकांशी वाट्टेल ते बोलत. नुसता कल्लोळ ऐकू यायला हवा. एखादा शब्द सुटा कळला, तर काम फसलं. इल्देने चाळीस वर्षं हेच केलं. ती राज्यक्रांतीत होती, तीन जहाजांबरोबर बुडाली, आणि तिचा एकही शब्द कुणाला कळला नाही. चित्रपटाच्या शेवटी सरकणाऱ्या पाट्यांवर तिचं नाव कधी आलं नाही. ‘आणि इतर’ असं येई, त्यातली इतर म्हणजे मीच, असं ती ऐटीत सांगे.

त्या मार्चमध्ये साथ पसरली आणि सरकारने गर्दीवर बंदी घातली.

"बघ फोस्का," समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीला ती बाल्कनीतून ओरडून म्हणाली, "चोरांवर नाही, लफंग्यांवर नाही, बंदी कुणावर? माझ्या धंद्यावर!"

"आणि माझ्यावर?" फोस्काही त्या चौदांतलीच. "सुनेबरोबर कोंडलंय मला! त्यापेक्षा पुन्हा जहाजाबरोबर बुडव म्हणावं!"

मे महिन्यात स्टुडिओ उघडले, पण माइकसमोर एका वेळी एकच माणूस, असा नियम झाला. नायकांची तक्रार नव्हती. त्यांना जन्मभर तेच हवं होतं. गर्दीने काय करायचं? ध्वनिमुद्रणाचा दिग्दर्शक सावेरियो, भला माणूस, त्याने इल्देला फोन केला.

"इल्देबाई, मालक म्हणतात, कपाटात जुन्या गर्द्या पडल्या आहेत, त्याच वाजवू. मासळीबाजाराला लग्नातली गर्दी लावली तर कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"तुम्हाला कळून काय उपयोग, बाई?"

"मग कपाटच ठेवा कामाला. आम्हा सगळ्यांना कायमचं घरी बसवा."

मालकांच्या मनात नेमकं तेच होतं.

"मला एकदा आत घे," इल्दे म्हणाली. "चौदाच्या चौदा आवाज मी एकटी देते, एकामागून एक. कपाट सरस की आम्ही, मग ठरवा."

स्टुडिओच्या दारात पहारेकऱ्याने तिच्यापुढे नवा मास्क धरला. जांभळा. इल्दे दोन पावलं मागे सरली. चर्चच्या उपवासाच्या दिवसांत पूर्वी सगळीकडे जांभळी वस्त्रं चढत, नाटकघरांना कुलपं लागत आणि नटांच्या चुली विझत. तेव्हापासून आमच्यातलं कुणी तो रंग अंगाला लावत नाही.

"हा लावण्यापेक्षा मेलेली बरी."

"बाई, न लावता मराल."

"चालेल. निदान अपशकुन होणार नाही."

"पण तुमच्या फुलांतही एक जांभळं आहे की!"

इल्देने मास्क काढून पाहिला, ते फूल आत दुमडलं आणि ताठ मानेने आत गेली.

पोरक्या खोलीत मधोमध माइक उभा होता. तिने त्याच्याकडे अर्धी पाठ केली आणि सुरुवात केली. आधी नेस्तोरे झाली, गुडघ्याला शिव्या घालणारा. मग फोस्का झाली आणि बोलता बोलता सुनेच्या हातचं सूप नासवून टाकलं. मग गाउदेन्झिओ झाली, जो चाळीस वर्षं एकाच गोलकीपरला नावं ठेवत आला होता. गाउदेन्झिओ एप्रिलमध्ये गेला होता. काचेपलीकडे हसणारा सावेरियो तेवढ्यापुरता हसायचा थांबला.

तेरा आवाज झाले. सावेरियोने ते एकावर एक चढवले, आणि खोलीत मासळीबाजार उभा राहिला. नेमके तेव्हाच मालक आत आले. डोळे मिटून ऐकलं, आणि खुशीत म्हणाले, "वा! म्हणजे एक बाई पुरते. बाकीच्यांना कळवून टाका."

आयुष्यात पहिल्यांदा इल्देने एकटीने भूमिका गाजवली होती, आणि त्या भरात उरलेल्या बाराजणांच्या पोटावर पाय दिला होता.

"अजून चौदावी राहिली," सावेरियो हळूच म्हणाला. "तुम्ही स्वतः."

ती माइकपाशी गेली. तोंड उघडलं, मिटलं. चाळीस वर्षं आपण या गर्दीत काय बोललो? "हो का गं?" "काहीही सांगतोस!" "मग?" एवढंच. तिने "मग?" म्हणून पाहिलं. रिकाम्या खोलीत तो शब्द खुंटीवर टांगलेल्या रिकाम्या कोटासारखा लोंबकळत राहिला.

"मला नाही जमत," ती म्हणाली.

तिचं खरंच अडलं की तिने अडवलं, हे मला विचारू नका. नटीला असलं विचारू नये.

"राहू द्या. तेरा पुरेत," मालक म्हणाले.

सावेरियोने तेरा आवाज पुन्हा लावले. या वेळी नीट कान दिल्यावर काहीतरी खटकू लागलं. सगळे बोलत होते, पण कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

"बाजार कसला? टीव्हीवरची चर्चा वाटते," सावेरियो म्हणाला.

मालकांनी कान खाजवला. माणूस चिक्कू होता, बहिरा नव्हता. "मग आता?"

"ऐकणारी मीच होते," इल्दे म्हणाली. "पण ऐकायला समोर कुणीतरी लागतं, साहेब."

"माइकच्या खोलीत दोघं चालत नाहीत, बाई. नियम आहे."

"मग खोलीच कशाला हवी?"

पुढच्या आठवड्यात स्टुडिओमागच्या अंगणात गर्दी भरली. पहिल्या मजल्यावरच्या कपडे वाळवायच्या दोरीला माइक टांगला होता, आणि खाली एकेका लिंबाच्या कुंडीपाशी एकेक जण लांब लांब उभा होता. त्यामुळे कुजबुज करायलासुद्धा बोंबलावं लागत होतं. नेस्तोरेच्या गुडघ्याची हकीकत चार गल्ल्यांना कळली. फोस्काची सून पलीकडच्याच इमारतीत भाजी चिरत नसावी, अशी सगळ्यांनी मनोमन प्रार्थना केली. शेवटच्या कुंडीपाशी कुणी नव्हतं. तिथे सावेरियोने एक छोटा स्पीकर ठेवला होता. त्यातून गाउदेन्झिओचा म्हणजे इल्देचाच आवाज गोलकीपरला नावं ठेवत होता.

मालक खिडकीत उभे होते. सावेरियोने हात वर केला, "चला!"

इल्दे माइककडे अर्धी पाठ करून त्या रिकाम्या कुंडीकडे वळली. स्पीकर ऐकला. कपाळाला आठी घातली. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाली, "काहीही सांगतोस, गाउदेन्झिओ! बरं, मग?"